शिंद्यांचे सिंधिया

आरतीला अजून वेळ आहे. उज्जैनच्या रामघाटाच्या पायरीवर तुम्ही पंड्यासमोर मांडी घालून बसता. तो आडनाव विचारतो. "शिंदे," तुम्ही सांगता.

"सिंधिया?" त्याचे डोळे लकाकतात.

"नाही हो, शिंदे. साताऱ्याकडचे."

त्याचा दक्षिणेचा अंदाज बहुधा निम्म्यावर येतो. तो वहीचं लाल कापड सोडतो, जाड पानं उलटू लागतो. आणि तुमच्या पायाखालची पायरी बदलते.

घाटावर आता मराठी ऐकू येतं. 1730 नंतरचा काळ. कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातल्या राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाण मांडलंय. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर महाकाळाचं देऊळ नव्यानं उभं करताहेत. तुमच्या शेजारी एक कारकून बोरू दौतीत बुडवतो, आधी ओढलेल्या रेघेला लोंबकळतं अक्षर एका झोकात काढतो, ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकतो. तुम्ही वाकून वाचता: शिंदे. साधं, दोन अक्षरी.

'सुखटणकर'मधलं 'कर' गावाकडे बोट दाखवतं. नॉर्मन आडनावांतलं 'द' हेच काम करतं, फक्त पुढून. शिंद्यांचं तसं नाही. त्यांचं मूळ कर्नाटकातल्या येलबुर्ग्याच्या सिंद घराण्याशी जोडतात. सिंद स्वतःला नागवंशी म्हणवत. शिंद्यांच्या निशाणावरही नाग आहे. पुरावा म्हणून हे थोडं लंगडं, पण मला आवडतं.

पुढची पायरी, 1784 नंतरची. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द बॉइन या काळातला. जन्मनाव लबोर्न्य, 'द' त्यानं स्वतःच चिकटवलेला! शिंद्यांना मात्र आडनाव बदलायचं नव्हतं. इंग्रजी कागदांत 'शिं'चा 'सिं' झाला, शेवटी 'या' आला. हिंदीत 'द'चा 'ध'ही झाला. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा ते इंग्रजांच्या लेखी केव्हाच 'सिंदिया' होते. त्यामुळे शिंदे गावोगाव, सिंधिया मात्र एका घराण्यापुरते.

घंटा वाजते. तुम्ही परत आजच्या पायरीवर. क्षिप्रेत नर्मदेचं पाणी आणून सोडलेलं. पंड्यानं बोट एका ओळीवर ठेवलंय.

"गाव कोणतं म्हणालात?"