दर्याचा नारळ आणि राज्याची मोहोर

हरिद्वारच्या किंवा प्रयागच्या घाटांवर संन्याशांच्या हाती कधीकधी काळाभोर, गुळगुळीत, होडीच्या आकाराचा कमंडलू दिसतो. तो भोपळ्याचा नसतो आणि धातूचाही नसतो. एका प्रचंड नारळाची ती अर्धी करवंटी असते. आपल्याकडे याला दर्याचा नारळ म्हणतात, आणि विषावर उतारा या समजुतीमुळे जहरी नारळ असेही नाव त्याला मिळाले. सर्वसंगपरित्यागाचे हे चिन्ह एकेकाळी राजेरजवाड्यांच्या खजिन्यातील वस्तू होते, आणि आज त्याच्या चोरीला आळा घालणे ही एका लहानशा राष्ट्राची प्रशासकीय चिंता आहे. या दोन टोकांमधला इतिहास राज्यकारभाराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे.

हा नारळ निसर्गतः पृथ्वीवर केवळ दोन बेटांवर होतो: सेशेल्स द्वीपसमूहातील प्रालँ आणि क्युरिअझ. मुंबईपासून ही बेटे नैर्ऋत्येस 3,000 किलोमीटरहून अधिक दूर आहेत. याचे बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी होय. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, मादी झाडाला पहिले फळ धरण्यास दोन तपे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि धरलेले फळ पिकण्यास सहा-सात वर्षे जातात. ताजे फळ जड असल्यामुळे पाण्यात बुडते. आतला गर कुजून पोकळ झाला की मगच ते तरंगते. म्हणजे जो नारळ समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्याला लागे, तो मुळातच निर्जीव असे. म्हणून हे झाड कोठेही पसरले नाही, आणि म्हणूनच त्याचे उगमस्थान शतकानुशतके कोणास कळले नाही.

लाटांबरोबर वाहत आलेली ही फळे मुख्यतः मालदीवच्या किनाऱ्यावर सापडत. त्यामुळे त्याचे शास्त्रीय नावही ‘मालदीविका’ असे पडले, आणि चूक उमगल्यानंतरही ते तसेच राहिले. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात या नारळाची दखल घेतली आहे. मालदीवची बेटे पूर्वी मुख्य भूमीला जोडलेली होती, ती बुडाली आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या माडांची ही फळे वर येतात, अशी त्याच्या काळची समजूत त्याने नोंदविली. अज्ञान असले तरी माणूस उपपत्तीवाचून राहत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मालदीवमध्ये असा नारळ राजाच्या मालकीचा मानला जाई. 1602 ते 1607 या काळात तेथे अडकून पडलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल लिहितो की, कोणी अकस्मात श्रीमंत झाला, तर ‘याला दर्याचा नारळ सापडला असावा’ असे लोक म्हणत. या एका वाक्यात राजाच्या मक्तेदारीची सारी मर्यादा आली आहे. कायदा कडक होता, पण किनारा लांब होता, रखवालदार थोडे होते आणि वस्तू मौल्यवान होती. तिकडे युरोपात सम्राट रूडॉल्फ दुसरा याच्या संग्रहासाठी याच करवंटीची चांदीने मढविलेली झारी 1602 साली घडविली गेली. ती आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

हे गूढ उकलले 1768 साली. मॅरियन द्युफ्रेन याने पाठविलेल्या फ्रेंच मोहिमेतील भूमापकास प्रालँच्या रानात या फळांचे ढीग आढळले. पुढल्याच वर्षी त्याच मोहिमेतील द्युशमँ नावाचा कप्तान तेथे परतला, त्याने जहाज भरून नारळ हिंदुस्थानच्या बाजारात आणले, आणि शतकानुशतकांची किंमत एका फेरीत कोसळली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. किंमत गुणाची नव्हती, दुर्मिळतेची होती. राजांच्या दालनातून ही वस्तू संन्याशाच्या हाती पोहोचली, ती बहुधा याच स्वस्ताईच्या वाटेने.

परंतु स्वस्ताईचीही किंमत असते, आणि ती झाडांनी मोजली. वसाहतीच्या काळात जंगल तुटले, वणवे लागले, फळे निर्यात झाली. ब्रिटिश सेनाधिकारी चार्ल्स गॉर्डन 1881 साली प्रालँला गेला, तेव्हा वाले द मे ही दरी म्हणजेच बायबलातील नंदनवन, अशी त्याची खात्री पटली. नंदनवनाला कुंपण मात्र 1966 साली पडले, जेव्हा ती दरी राखीव झाली. 1976 साली सेशेल्स स्वतंत्र झाले आणि 1978 साली या नारळासाठी स्वतंत्र अध्यादेश निघाला. 1983 साली 20 हेक्टरांहून किंचित लहान असलेली ही दरी जागतिक वारसा ठरली. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नारळावर क्रमांकाची खूणचिठ्ठी असावी आणि देशाबाहेर नेण्यास परवाना असावा, ही व्यवस्था आली.

व्यवस्था चांगली आहे, पण चोराने तिची फट शोधली. अखंड नारळ लपविता येत नाही, त्याचा गर मात्र लपतो. आशियातील औषधांच्या बाजारात या गराला मागणी आहे. करवंटी फोडून गर काढला, वाळविला, त्याचे तुकडे केले, की कोणत्या झाडाचा आणि कोणाच्या परवान्याचा हे कोण सांगणार? मोहोर करवंटीवर असते, मोल गराला असते. दोन्ही एकाच जागी नसली की नियमन लंगडे पडते. रक्तचंदनाचा ओंडका आंध्रातून भुकटीच्या किंवा फर्निचरच्या रूपाने बाहेर पडू लागला, तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनीही हेच अनुभवले.

शिवाय येथे चोरीला जाते ती केवळ वस्तू नव्हे. खाली पडलेले प्रत्येक बी उचलले गेले, तर रानात म्हातारी झाडे उभी राहतात आणि रोपे दिसेनाशी होतात. ज्या फळास सहा-सात वर्षे लागतात, त्याचा हिशेब तीन वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याने कसा ठेवावा? आपल्या हावड्याच्या वनस्पती उद्यानात 1894 साली लावलेल्या अशाच एका मादी झाडाला फुलावर येण्यास जवळजवळ शतक लागले. जवळ नर झाड नसल्याने परागकण परदेशातून आणून कृत्रिम परागीभवन करावे लागले. लावणारा, जपणारा आणि फळ पाहणारा हे तीन वेगळ्या पिढ्यांचे लोक होते. त्यांना जोडणारा दुवा एकच होता: संस्था.

2010 साली सेशेल्सने या वृक्षाचे नाव वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले. त्याचा अर्थ इतकाच की, ‘आमच्या एकट्याच्याने हे होत नाही, आपल्या बंदरांवर कागदपत्रे पाहा’ अशी विनंती. या करारास बांधील अशी कायदेशीर चौकट आपल्याकडे 2022 च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्तीने आली. म्हणजे प्रालँच्या रखवालदाराची गस्त आता आपल्या सीमाशुल्क चौकीपर्यंत येते.

असो. मालदीवच्या राजाकडे कठोर कायदा होता, द्युशमँकडे मोकळा बाजार होता. एकाने फळ लपविले गेले, दुसऱ्याने ते उधळले गेले. झाडाचा विचार दोघांनीही केला नाही, कारण एकाला ते ठाऊक नव्हते आणि दुसऱ्याला त्याची गरज नव्हती. आपल्याला दोन्ही सबबी नाहीत. पुढच्या वेळी बाजारात कोणी दर्याच्या नारळाचा तुकडा पुढे केला, तर त्याची खूणचिठ्ठी मागावी. ती नसेल, तर हात मागे घ्यावा. कमंडलू हे त्यागाचे चिन्ह आहे, एवढा त्याग आपल्यालाही जमेल.