भाड्याचा संगणक : ‘बसवला’ म्हणजे ‘घेतला’ नव्हे

जुन्या अहवालात “अमुक कंपनीने संगणक बसवला” असं वाचलं की आपण धरून चालतो, तो तिने विकत घेतला. इथेच थांबायचं.

१९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीत आयबीएम १४०१ बसला. पण आयबीएमची मूळ रीत भाड्याची. पंचकार्डाच्या काळापासून यंत्र तिचं, दुरुस्ती तिच्याच माणसांची, गिऱ्हाईकाने दरमहा भाडं भरायचं. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात तडजोड झाली आणि यंत्रं विकायचीही अट आली. तरी भाड्याचा धंदा जोरात राहिला. भारतात तर बाहेर वापरून परत आलेली १४०१ यंत्रं मुंबईच्या कारखान्यात ठाकठीक करून भाड्याने दिली जात.

गणित सोपं आहे. समजा, ४८ महिन्यांच्या भाड्यात यंत्राची किंमत वसूल होते. मग ४९व्या महिन्यापासून जे येतं, त्यातून देखभाल वजा केली की उरलेला बहुतेक नफाच. म्हणजे जुनं यंत्र जितकं जास्त चालेल, तितका मालकाचा फायदा. गिऱ्हाईकाला एकरकमी पैसा लागत नाही, हेही खरं. पण तंत्रज्ञान मात्र मागचंच मिळतं.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुतेक परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७८ मध्ये ती गेली. मग प्रश्न आला : मागे राहिलेली यंत्रं दुरुस्त कोण करणार? ते काम सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतलं आणि देखभालीचं ज्ञान इथल्या अभियंत्यांच्या हाती आलं.

आमच्या पोहरादेवीच्या मुलांना हा प्रश्न नवा वाटू नये. मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्याकडे बैल स्वतःचे असायचे आणि त्यांची निगा राखायची विद्याही. रेल्वेने वाहतुकीचा धंदा हिरावला, ती विद्या नाही.

म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासावर सिनॉप्सिस लिहिताना यंत्रांची नुसती संख्या मोजू नका. प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने आखा : मालक कोण, भाडं कोण भरतं, बिघडलं तर उघडतं कोण? तिन्हींची उत्तरं वेगळी निघाली, तर समजा, संशोधनाचा प्रश्न सापडला.