जहाज नेमकं कुठवर गेलं?

आज आपण इतिहासावर बोलू. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. मोबाइलवर रोज नवा इतिहास येऊन पडतो. त्यातलं खरं कोणतं नि रचलेलं कोणतं, हे कसं ओळखायचं, एवढंच पाहू.

त्यासाठी एक गोष्ट चीनची. सहाशे वर्षांपूर्वी चीनच्या बादशहाने झेंग-हे नावाच्या सरदाराला मोठं आरमार देऊन समुद्रावर पाठवलं. १४०५ ते १४३३ या काळात अशा सात सफरी झाल्या. पहिल्याच सफरीत २७,००० च्या वर माणसं होती. ही जहाजं केरळात कालिकतला आली, पुढे अरबस्तान आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली.

कशावरून? चीनच्या दरबारी नोंदी आहेत. श्रीलंकेत गाल्ल गावी १४०९ सालचा शिलालेख सापडला. त्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषा कोरल्या आहेत. मा हुआन नावाचा दुभाषा सोबत होता, त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. कालिकतची माणसं हातापायांच्या २० बोटांवर हिशेब करतात आणि जराही चुकत नाहीत, याचं त्याला मोठं नवल वाटलं. आपल्या गटातल्या जुन्या बायाही बोटांवरच व्याज काढतात की!

एवढा इतिहास पक्का आहे. पण २००२ साली इंग्रजांच्या आरमारातल्या गेव्हिन मेंझीस नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की १४२१ साली निघालेली चिनी जहाजं अमेरिकेला पोचली, तीही कोलंबसाच्या ७० वर्षं आधी. ऑस्ट्रेलियाही त्यांनीच शोधला. पुस्तक जगभर खपलं. इतिहासकारांनी तपासलं, तेव्हा त्या प्रवासाचा एकही भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. मेंझीसचं उत्तर तयार होतं: चीनच्या अधिकाऱ्यांनी कागद नष्ट केले. बरं, काही कागद गेलेही असतील. पण गेलेल्या कागदावर काय लिहिलं होतं, हे त्याला कसं कळलं?

आपल्या बीडच्या बायांना हा डाव ओळखीचा आहे. ऊसतोडीहून परतलेल्या जोडीला मुकादम सांगतो, उचल अजून फिटली नाही. वही दाखवा म्हटलं तर वही हरवलेली असते, आकडा मात्र त्याला तोंडपाठ असतो. असा आकडा आपण खरा मानू नये. मग असा इतिहास तरी का मानावा?

अशी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही फिरते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, राइट बंधूंच्याही ८ वर्षं आधी, असं सांगतात. पुरावा विचारला की उत्तर येतं, कागद इंग्रजांनी नेले. तळपदे खरेच होऊन गेले आणि त्यांना विमानविद्येचा ध्यास होता. पण ते उड्डाण डोळ्यांनी पाहिल्याची त्या काळातली भरवशाची लेखी साक्ष पुढे आलेली नाही. अशा गोष्टींत ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा दाखला देतात. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो तपासला. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे आणि त्यात सांगितलेली विमानं उडू शकत नाहीत, असं त्यांना आढळलं.

कुणी म्हणेल, खोटी का होईना, अभिमानाची गोष्ट आहे, राहू द्या. आम्हाला ते पटत नाही. आपल्या लेकीने ‘कशावरून?’ विचारलं आणि ‘तुला देशाचा अभिमान नाही का?’ म्हणून तिला गप्प केलं, तर उद्या ती पगाराची पावती मागायलाही कचरेल. दुसरं नुकसान असं, की रचलेल्या गोष्टीच्या गलक्यात आपला खरा इतिहास ऐकूच येत नाही.

तो आपल्या अगदी जवळ आहे. उमापूरपासून गोदावरी फार लांब नाही, आणि त्याच नदीच्या काठी वरच्या अंगाला पैठण. सुमारे २,००० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आहे, धाराशिव जिल्ह्यातलं तेरही आहे. पैठणचे रंगीत मौल्यवान दगड आणि तेरचं जाडंभरडं व तलम सुती कापड गाड्यांत भरून, वाट धड नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जाई, असं तो लिहितो. भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर १० दिवसांवर. तिथून पुढे माल जहाजाने परदेशी जाई. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलखातलं कापड समुद्रापार पोचत होतं. हे कुणाला रचावं लागलं नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत मोबाइलवरची एखादी गोष्ट वाचून दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. हे कुणी पाहिलं? कधी लिहिलं? आज कुठे पाहायला मिळेल? उत्तर मिळालं तरच पुढे पाठवा. आणि गटाची सहल काढणार असाल तर तेरला जा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू ठेवल्या आहेत. लेकींनाही सोबत न्या, आणि त्यांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या.