गुडघ्याचा झटका मोजताना

पाय लोंबकळता ठेवून खुर्चीवर बसलात आणि डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली, की पाय आपोआप उडतो. शाळेच्या पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट खरोखर प्रतिक्षिप्त क्रियाच आहे का, यावर एकेकाळी मोठा वाद झाला होता.

१८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पण एकाच नियतकालिकात, या झटक्याबद्दल लिहिलं. एर्बच्या मते संदेश मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येतो. वेस्टफालच्या मते मेरुरज्जूचा संबंध नाही, ताण बसल्यावर स्नायू स्वतःच आखडतो. खरं कोण, हे ठरायचं कसं? वेळ मोजून. संदेशाला वर जाऊन परत यायला जेवढा वेळ हवा, त्यापेक्षा आधीच पाय उडत असेल, तर एर्ब चूक. फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा होता. वाद लांबला, कारण उपकरणं तेवढी बारीक नव्हती.

वेळ कागदावर उतरवण्याची युक्ती मात्र आधीच सापडली होती. १८४७ मध्ये कार्ल लुडविगने कायमोग्राफ बनवला : फिरणारा ड्रम आणि त्यावर रेघ ओढणारी लेखणी. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या चेतातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने जातो, हे मोजून दाखवलं. हा वेग कधी मोजताच येणार नाही, असं त्याचे गुरू योहान्नेस म्यूलर यांना वाटत होतं.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं १८४५ मध्ये, म्हणजे कायमोग्राफच्या दोन वर्षं आधी. पुढे हे यंत्र भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आलं आणि पिढ्यान् पिढ्या टिकलं. गुळगुळीत कागद ड्रमवर चिकटवायचा, धुरावर धरून काळा करायचा, बेडकाच्या पोटरीचा स्नायू चेतातंतूसकट काढून तरफेला जोडायचा आणि विजेचा हलका धक्का द्यायचा. लेखणी काजळी खरवडत जाते आणि पांढरी रेघ उमटते. मग तो कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळवायचा, म्हणजे रेघ पुसली जात नाही.

यात ड्रमचा वेग फार महत्त्वाचा. स्नायूचं एक आकुंचन साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. ड्रम सावकाश फिरवला तर कागदावर नुसती उभी रेघ दिसते. भरभर फिरवला तरच धक्का बसल्यावरची क्षणभराची शांतता, चढ आणि उतार वेगळे दिसतात. खाली ट्यूनिंग फोर्कने आखलेल्या लाटा असतात. त्या मोजून वेळ काढायचा.

आता नाशिकला येऊ. दिंडोरी रोडवरचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात बेडकाचे प्रयोग संगणकाच्या मदतीने 'पाहायचे' आहेत. बेडूक वाचला, हे चांगलंच झालं. पण तयार प्रोग्रॅममधला आलेख दर वेळी बरोबरच येतो. तो कधी चुकत नाही, म्हणून तो चूक कशी ओळखायची हेही शिकवत नाही.

याला एक पर्याय आहे : स्वतःचा गुडघा. मांडीवर चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड लावायचे, स्नायूचे विजेचे संदेश संगणकात घ्यायचे आणि हातोडी मारायची. हातोडी बसल्यापासून सुमारे २० मिलिसेकंदांत मांडीच्या स्नायूत संदेश उमटतो. तो दिसणं मात्र सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर अवलंबून असतं.

पहिलं सेटिंग : सेकंदाला किती नोंदी. १०० ठेवल्या तर दोन नोंदींत १० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. मग त्या २० मिलिसेकंदांत जेमतेम दोनच ठिपके येतात. हा सावकाश फिरणारा ड्रमच झाला. त्वचेवरून मिळणारा स्नायूचा संदेश साधारण ५०० हर्ट्झपर्यंत जातो. म्हणून नोंदी सेकंदाला हजाराहून जास्त हव्यात. २००० ठेवल्या तर निवांत काम होतं.

दुसरं : घड्याळ कधी सुरू होणार. मित्राने हातोडी मारताना माउसचं बटण दाबायचं ठरवलं तर त्याचाच प्रतिसादाचा वेळ २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो, म्हणजे मोजायच्या गोष्टीच्या दहापट. म्हणून हातोडीतच स्विच बसवतात, आणि धक्क्याच्या आधीच्या काही क्षणांची नोंदही ठेवायला सांगतात. स्नायू आधीपासून शांत होता की नाही, हे त्यातून कळतं.

तिसरं : गाळणी. आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण आलेखात शिरते. ५० हर्ट्झचा फिल्टर लावला की रेघ स्वच्छ होते, पण स्नायूचा खरा संदेशही त्याच पट्ट्यात असतो, तोही थोडा कापला जातो. म्हणून आधी अर्थिंग, सैल वायर आणि त्वचा नीट पुसली आहे का, हे बघायचं. फिल्टर शेवटी.

वेस्टफाल आणि एर्बचा वाद अखेर एर्बच्या बाजूने मिटला. मेरुरज्जूकडे जाणारे तंतू कापले की झटका थांबतो, हे प्रयोगांतून दिसलं. पुढे वेळही काटेकोर मोजता आला. १९२४ मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी ताणामुळे होणाऱ्या या प्रतिक्षिप्त क्रियेचं सविस्तर वर्णन केलं. वेस्टफाल काही अडाणी नव्हता. हाती असलेल्या साधनांनी जेवढं दिसत होतं, तेवढ्यावर त्याने मत बांधलं होतं.

उद्या दवाखान्यात एखाद्या मधुमेही रुग्णाच्या पायातला संदेश उशिरा पोचतोय असं स्क्रीन सांगेल. तेव्हा नस खरंच मंदावली आहे की सेटिंग चुकलं आहे, हे डॉक्टरला ओळखता आलं पाहिजे. ते शिकायला बेडूक मारायची गरज नाही. पहिल्या वर्षी स्वतःच्या गुडघ्याचा एक बिघडलेला आलेख दुरुस्त करून पाहिला तरी पुरे.