रिकामी पुंगळी आणि कोगनोळीचा नाका

अंबाबाईच्या दर्शनाला आपण गोवेकर आंबोलीमार्गे निघालो, की संकेश्वरला महामार्ग लागतो. निपाणी मागे पडली की कोगनोळीचा नाका. इथे कर्नाटक संपते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तिकडे गेला. बोली मात्र मराठीच राहिली.

गाडी नाक्यावर थांबली की मला दोन घटनास्थळे आठवतात. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी, नाक्याच्या उत्तरेला कोल्हापुरात, कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला, दक्षिणेला धारवाडात, वचन साहित्याचे संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचा त्यांच्या घरीच खून झाला. पोलीस दोन राज्यांचे, फायली दोन भाषांतल्या. पण पुंगळीला कुठले आले राज्य?

गोळी सुटताना हत्याराची पिन पुंगळीच्या बुडावर ठसा उमटवते. दोन पुंगळ्या खास सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवल्या, की हत्यार एकच होते का, याचा अंदाज तज्ज्ञांना येतो. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये गौरी लंकेश यांची हत्या झाली. त्या प्रकरणात आणि कलबुर्गी प्रकरणात ७.६५ मि.मी.चे एकच गावठी पिस्तूल वापरले गेले, असा अहवाल कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने दिला. दोन वर्षांपूर्वीचा पुरावा सांभाळून ठेवला होता, म्हणूनच हे शक्य झाले!

मी सरकारी कारकून. आवक क्रमांक नसलेल्या कागदाची काय गत होते, ते रोज पाहतो. पंचनाम्याचेही तसेच. पुंगळी कुठे मिळाली, कोणी उचलली, कोणत्या पंचांसमोर सील केली, प्रयोगशाळेत कधी पोचली... एक कडी निसटली की कोर्टात सगळेच डळमळते.

आपल्या गोव्यालाही हे नवे नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरीचा मृतदेह सापडला. आधी बुडून मृत्यू म्हटले गेले. आईने हट्ट धरला, दुसरी शवचिकित्सा झाली, तेव्हा कुठे अंगावरच्या जखमा पुढे आल्या. तोवर वाळूवरून किती भरत्या येऊन गेल्या असतील! एकाला शिक्षा व्हायला २०१९ साल उजाडले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगलेच झाले. पण तज्ज्ञ पोचेपर्यंत पहिला अर्धा तास बघ्यांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, हाती असतो. तेव्हा चार पावले मागे उभे राहणे, एवढे तरी आपल्याला जमावे. न्यायाची पुंगळी आपल्याच पायाखाली जायला नको.