तांबूस काक्षी, निळसर राजन्य

काक्षीला ‘थंड’ तारा म्हणतात, ते खटकण्याजोगे आहे, कारण लाल रंग आपण विस्तवाशी जोडतो. पण भट्टीतले लोखंड आधी लाल होते, अधिक तापले की पिवळे, मग पांढरे. पृष्ठभाग जितका तप्त, तितका प्रकाशाचा भर निळ्याकडे सरकतो, हा नियम वीन यांनी १८९३मध्ये मांडला. मृग नक्षत्रातच त्याची प्रचीती येते: तांबूस काक्षी सुमारे ३,५०० केल्विन, निळसर राजन्य सुमारे १२,०००. सूर्याचा भर हिरव्याजवळ असूनही तो हिरवा दिसत नाही, कारण इतर रंगही भरपूर येतात आणि डोळा त्यांची बेरीज पांढरी करतो. रंगावरून तापमान ठरवण्यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. वाटेतली आंतरतारकीय धूळ निळा प्रकाश अधिक विखुरते, त्यामुळे तप्त ताराही तांबूस भासू शकतो आणि नुसत्या रंगावर विसंबणारा फसतो. अशा वेळी वर्णपटातील शोषणरेषा साक्षीला येतात. कोणते अणू किती आयनीभूत झाले, हे मुख्यतः तापमानावर ठरते (त्याचे गणित मेघनाद साहांचे, १९२०चे), आणि रेषांचा हा नमुना धूळ बदलू शकत नाही. काक्षीच्या वर्णपटात तर टायटॅनियम ऑक्साइडचे ठळक पट्टे आहेत. राजन्याच्या उष्णतेत हे रेणू टिकलेच नसते.