चटणीच्या पाकिटावरचा चौकोन

शेंगाचटणीचं पाकीट उलटं करून पाहा. बऱ्याचदा काठाशी एक छोटा भरीव चौकोन छापलेला सापडेल. ना नक्षीचा, ना मजकुराचा. पाउच मशीनवाले त्याला आय मार्क म्हणतात. रोल दर पाकिटामागे अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी शंभराव्या पाकिटाला छपाई पाच सेंटिमीटर ढळते आणि सुरी थेट नावावर पडते. म्हणून सेन्सर प्रत्येक चौकोन हेरतो आणि मशीन तिथून नव्यानं माप धरतं.

याची कुळी छापखान्याची, असं सांगतात. १८७३ मध्ये समुद्राखालच्या तारांसाठी सेलेनियम तपासताना विलोबी स्मिथला उजेडाचा त्याच्या वीजवहनावर होणारा परिणाम दिसला. पुढे फोटोसेल छापील खुणा वाचू लागला. कबूल. पण सोलापुरात बसून मला दुसरं घराणं दिसतं: मागाची कांडी.

साध्या मागावर धोट्यातली कांडी संपत आली, हे विणकराची नजर ओळखते. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप मागानं कांडी आपोआप बदलायला घेतली. मग कांडीवर उरलेलं सूत चाचपणारा फीलर आला. काही मागांवर त्या चाचपणीची जागा प्रकाशानं घेतली: कांडीवर चकचकीत पट्टी, वर सूत. सूत सरलं की पट्टी उघडी पडते, उजेड परततो, माग नवी कांडी घेतो.

छापखान्याचे वकील म्हणतील, मागाला कुठे लांबी मोजायची असते? पण आय मार्कचा सेन्सरही लांबी मोजत नाही. खूण आली की नाही, एवढंच सांगतो. लांबीचा हिशेब मशीनचा. माझा निवाडा असा: माप छापखान्याचं, नजर मागाची.

खरी अडचण रंगांची. लाल उजेडात पांढऱ्यावरची लाल खूण पुसल्यासारखी होते. तिला हिरवा उजेड लागतो. हळदीसारखी पिवळी खूण तर लाल आणि हिरवा दोन्ही परतवते, ती फक्त निळ्यात काळवंडते. आणि प्रखर निळा एलईडी नाकामुरांनी जपानात १९९३ साली आणला. आता एकाच सेन्सरमध्ये तिन्ही रंगांचे दिवे असतात. शिकवणीचं बटण दाबून खूण आणि कोरी जागा दाखवली की जास्त फरक दाखवणारा दिवा तो स्वतः निवडतो. तरी फिकट पाकिटावर खूण काळीच छापलेली बरी, कारण ती तिन्ही उजेडांत काळीच दिसते.